मुदत संपली

२०२५ च्या जानेवारीत, एका सकाळी, एका ग्रंथालयातून मला फोन आला. बोलणाऱ्या ग्रंथपाल बाईंना मी जवळजवळ चोवीस वर्षे ओळखते, मात्र मधल्या बऱ्याच वर्षांत आमचे बोलणे झाले नव्हते. ख्यालीखुशालीत वेळ न घालवता त्या म्हणाल्या, "अगं, आत्ताच एका मुलाने पाच वर्षांची वर्गणी भरली, पावतीही फाडून झाली, आणि तुझा प्रोग्राम म्हणतोय की त्याची मुदत संपली. तीनदा करून बघितलं."

"तुझा प्रोग्राम" हे शब्द ऐकून मी क्षणभर गप्प झाले. शिक्षण संपवून नुकतीच कामाला लागले असताना, २००१ साली, मी त्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आणि सगळी माहिती ॲक्सेस या माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरच्या एकाच फाइलमध्ये ठेवणारा. २००४ साली त्यात शेवटची दुरुस्ती केली आणि त्यानंतर मी त्याच्याकडे वळून पाहिले नाही. तो अजून चालू असेल, रोज सकाळी कोणीतरी तो उघडत असेल, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. ठाऊक करून घेण्याचे मी टाळले होते, हे अधिक खरे आहे.

मी त्यांना पडद्यावरची मुदतीची तारीख वाचून दाखवायला सांगितली. "शून्य पाच, शून्य एक, तीस," त्या म्हणाल्या, आणि 'तीस' ऐकताच काय झाले असावे ते माझ्या ध्यानात आले. मी वर्षासाठी दोनच अंकांची जागा ठेवली होती. त्या पिढीच्या विंडोजमध्ये दोन अंकी वर्षाचा अर्थ लावण्याचा एक ठरलेला संकेत होता: ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९, आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९. बाईंचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालत होता आणि माझा प्रोग्राम त्या संकेतावर विसंबून होता. त्यामुळे २०३० सालापर्यंतचे सभासदत्व त्याने १९३० सालीच संपवून टाकले होते. २००१ साली हा कोड लिहिताना, २००० साल उजाडताना दोन अंकी वर्षांवरून सगळ्या जगात झालेली धावपळ संपून जेमतेम वर्ष उलटले होते. ती धावपळ पाहिलेली असतानाही मी दोन अंक ठेवले, कारण पडद्यावर जागा कमी होती आणि २०३० फार दूर वाटत होते.

दुपारी बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांनी तोडगा काढला होता. "एकोणतीस टाकलं की घेतो. मी सगळ्यांची मुदत ३१/१२/२९ अशीच टाकते, आणि खरी तारीख शेऱ्यात लिहिते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट मला दिलासा देण्याचाच सूर होता. मी "दुरुस्त करून देते" असे म्हणणार होते, पण शब्द ओठांवरच राहिले, कारण ते माझ्या हातात नव्हते. ग्रंथालयात होती ती तयार झालेली एक्झी फाइल, जी फक्त चालवता येते, बदलता येत नाही. ती ज्यापासून बनली तो सोर्स कोड माझ्या ज्या हार्ड डिस्कवर होता ती २००९ साली बंद पडली आणि माझ्याकडे उरलेली प्रत २००२ सालची होती. मधल्या दोन वर्षांत मी काय काय बदलले होते ते मला आठवत नव्हते, कुठे लिहूनही ठेवलेले नव्हते.

म्हणजे तो प्रोग्राम चालू होता, पण त्याची देखभाल करू शकणारे जगात कोणीही नव्हते, मीसुद्धा नाही. तो बंद करा असे सांगायचे, की बाईंनी काढलेल्या तोडग्यावर त्याला चालू द्यायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासमोर होता. पुढचे कित्येक महिने मी त्यावर विचार करत राहिले आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ अवघड निघाला.

आमच्या व्यवसायात या प्रश्नावर दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणजे "चालतंय ना, मग हात लावू नका" आणि दुसरे म्हणजे "जुनं झालंय, काढून टाका". पहिल्यात अनुभवातून आलेले शहाणपण आहे, हे मी नाकारणार नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या प्रोग्राममधल्या चुका माहीत झालेल्या असतात आणि माणसांनी त्यांच्याभोवती आपापल्या वाटा पाडलेल्या असतात. नव्या प्रोग्राममधल्या चुका अजून सापडायच्या असतात. दुसऱ्या उत्तराविषयी मला फारसा आदर वाटत नाही. वय हा सॉफ्टवेअरच्या बाबतीत फार थोडे सांगणारा आकडा आहे. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ च्या सुमारास अक्षरजुळणीसाठी टेक हा प्रोग्राम लिहायला घेतला, तो आजही गणिताच्या पुस्तकांसाठी जगभर वापरला जातो. १९९० साली त्यांनी जाहीर केले की यापुढे यात नवे काही भरायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. प्रत्येक दुरुस्तीबरोबर त्याचा आवृत्ती क्रमांक गणितातील पाय (π) या संख्येच्या किमतीच्या एका अंकाने जवळ सरकतो. २०२१ सालची आवृत्ती ३.१४१५९२६५३ अशी आहे. टेक जुना आहे, पण सोडून दिलेला नाही. तो पूर्ण झालेला आहे, आणि त्याच्या कर्त्याने तो पूर्ण झाल्याचे शब्दांत सांगितले आहे. माझा प्रोग्राम पूर्ण झाला नव्हता, मी तो सोडून गेले होते. वापरणाऱ्याला बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, वर्षानुवर्षे एकही बदल होत नाही. फरक कळतो तो काहीतरी बिघडल्यावर.

आणि बिघडते का, असा प्रश्न बाईंनीच मला एकदा विचारला होता. "यंत्र झिजतं हे समजतं गं, पण यात झिजण्यासारखं काय आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. फाइलमधला एकही बिट बदललेला नसतो. बदलते ते भोवतालचे जग, आणि प्रोग्राम त्या जगाविषयी काही गोष्टी गृहीत धरून बसलेला असतो. ३० सप्टेंबर २०२१ चे उदाहरण मला फार बोलके वाटते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य संकेतस्थळांना सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे विनामूल्य देते. जुनी उपकरणे ती प्रमाणपत्रे ज्या एका मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर ओळखत होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. ज्या जुन्या संगणकांना आणि उपकरणांना मधल्या काळात अपडेट मिळाले नव्हते, त्यांपैकी अनेकांना आदल्या दिवशीपर्यंत उघडणारी संकेतस्थळे त्या दिवसापासून उघडेनाशी झाली. त्यांच्यात काहीही मोडले नव्हते. त्यांनी मनाशी धरलेली एक तारीख उलटून गेली होती, माझ्या २०२९ सारखीच.

प्रोग्राम बंद करावा या बाजूने नेहमी पहिला येणारा मुद्दा सुरक्षेचा असतो. मीही तोच पुढे करायला निघाले होते, पण इथे तो लागू पडत नव्हता. ग्रंथालयाचा तो संगणक इंटरनेटला जोडलेलाच नव्हता, कोणत्याही जाळ्यात नव्हता, आणि त्याला पेनड्राइव्ह लावण्याची परवानगी एकट्या बाईंना होती. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन आपले लेखन डॉस संगणकावर वर्डस्टार ४.० मध्ये करतात आणि तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवतात, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. तसे वापरण्यात मला काहीही गैर दिसत नाही. जोखीम त्यांची, सोय त्यांची, आणि त्यांच्या जुन्या प्रोग्राममुळे दुसऱ्या कोणाच्या दारात संकट जात नाही.

दुसऱ्याच्या दारात जाणारे संकट कसे असते ते २०१७ च्या मे महिन्यात दिसले. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजमधील एका त्रुटीचा फायदा घेत एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला आणि इंग्लंडमध्ये रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला होता. तरीही मायक्रोसॉफ्टला त्या आठवड्यात एक्सपीसाठी पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, काढावा लागला. या घटनेची आणखी एक बाजू सहसा सांगितली जात नाही. सर्वांत मोठा फटका बसला तो विंडोज ७ च्या संगणकांना. त्या विंडोजचा सपोर्ट चालू होता आणि तिच्यासाठीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, फक्त तो अनेकांनी बसवला नव्हता. कागदोपत्री सपोर्ट चालू असणे आणि आपल्या टेबलावरच्या यंत्राची कोणीतरी काळजी घेत असणे, या दोन गोष्टी एक नाहीत, हे तेव्हापासून मी मनाशी बांधून ठेवले आहे.

मग सुरक्षेचा मुद्दा सुटल्यावर, तो प्रोग्राम बंद करण्याचे कारण काय उरत होते? त्याचे उत्तर बाईंच्या तोडग्यातच दडलेले होते. सगळ्यांची मुदत ३१/१२/२९ टाकायची, म्हणजे १ जानेवारी २०३० च्या सकाळी ग्रंथालयाचा प्रत्येक सभासद एकदम मुदतबाह्य होणार आणि एकालाही पुढची तारीख देता येणार नाही. त्या सकाळी काउंटरवर बाई नसणार, कारण त्या ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निवृत्त होणार होत्या. तोडगा ज्यांना माहीत होता त्या गेलेल्या, सोर्स कोड हरवलेला, आणि पडद्यासमोर कोणी नवा माणूस, ज्याला 'मुदत संपली' या दोन शब्दांपलीकडे काहीच माहीत नाही. मी गप्प राहिले असते तर मी त्या माणसाला हे देऊन गेले असते.

इथे मला माझ्या स्वतःच्या वागण्याकडे नीट पाहावे लागले. इतकी वर्षे मी समजत होते की प्रोग्राम बंद न करणे हा माझा चांगुलपणा आहे, लोकांना उपयोग होतो तर होऊ द्यावा. खरे तर बंद करण्याचा निर्णय मी २००४ सालीच घेतला होता. तो त्यांना सांगितला नव्हता एवढेच. ज्या दिवशी मी दुरुस्ती करणे थांबवले त्याच दिवशी तो प्रोग्राम माझ्या बाजूने निवृत्त झाला, आणि त्यांच्या बाजूने मात्र तो एकवीस वर्षे सेवेत राहिला. सॉफ्टवेअर निवृत्त करावे की नाही असा वाद घालताना आपण धरून चालतो की निर्णय अजून व्हायचा आहे. बहुतेक वेळा तो कधीचाच झालेला असतो आणि ज्यांना तो कळायला हवा त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. वापरणाऱ्याला सर्वांत जास्त नुकसान या न सांगण्यानेच होते, असे माझे मत आता पक्के झाले आहे. बंद होणार हे कळले तर माणूस पर्याय शोधतो, पैशांची आणि वेळेची तजवीज करतो. न कळले तर तो त्याच वाटेवर पुढे पुढे जात राहतो आणि परतीचे अंतर दरवर्षी वाढत जाते.

सांगून बंद करण्याची रीत कशी असावी हे पाहायला मला पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे पाहावेसे वाटते. पायथन ३ ही नवी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि ती पायथन २ शी पूर्णपणे जुळणारी नव्हती. जुन्या आवृत्तीची अखेर आधी २०१५ साठी ठरली होती. एवढ्यात लोकांचे जमणार नाही हे दिसल्यावर २०१४ साली ती पुढे ढकलून १ जानेवारी २०२० केली, आणि मग मात्र ती तारीख पाळली. २.७.१८ ही शेवटची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली. अकरा वर्षे हा काळ फार झाला असे अनेक जण म्हणत आणि तरीही अपुरा पडला असे म्हणणारेही होते. मला त्यातील दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: लोकांची अडचण पाहून एकदा मुदत वाढवणे आणि दुसऱ्यांदा न वाढवणे. मुदत वाढतच जाते हे एकदा लोकांच्या लक्षात आले की तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

ब्राउझरमध्ये खेळ आणि चलचित्रे चालवणाऱ्या फ्लॅशचा शेवट याहून कठोर होता. जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने तो जाहीर केला, ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःहूनच काही चालवण्यास नकार दिला. तशी सोय त्यात आधीच करून ठेवलेली होती. फ्लॅशमधील सुरक्षेच्या त्रुटींना अंत नव्हता आणि ते जायलाच हवे होते, यात मला शंका नाही. परंतु त्याच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांतले खेळ, चलचित्रे, मुलांसाठी केलेले धडे, कित्येकांनी रात्री जागून केलेले हे सगळे काम अंधारात जाणार होते. ते पूर्णपणे गेले नाही याचे श्रेय त्या फाइल जमवून जपणाऱ्यांना आणि रफलसारखा प्रोग्राम नव्याने लिहिणाऱ्यांना आहे. रफल जुन्या फ्लॅश फाइल मूळ प्लेअरशिवाय ब्राउझरमध्ये चालवतो. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या आधाराने असा संग्रह खुला ठेवला आहे. भांडे टाकून देताना आतले काय ते आधी काढून घ्यायचे असते, एवढी साधी गोष्ट. पण बंद करणाऱ्यांना ती बहुतेक वेळा सुचत नाही, कारण त्यांचा जीव भांड्यात अडकलेला असतो आणि आतला ऐवज दुसऱ्यांचा असतो.

काही मित्रांनी मला सुचवले की मी २००२ च्या प्रतीचा कोड सर्वांसाठी खुला करावा, कोणीतरी पुढे नेईल. हा मार्ग मला एकेकाळी सर्वांत चांगला वाटत असे. आता वाटत नाही, निदान आंधळेपणाने तरी नाही. एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या प्रोग्रामचे काय झाले ते आमच्या क्षेत्रात सर्वांनी पाहिले. असंख्य लिनक्स संगणकांवर असलेला तो प्रोग्राम मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. जिया टॅन हे नाव घेऊन वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मन लावून मदत केली, विश्वास मिळवला, कारभार हाती घेतला आणि २०२४ च्या आरंभी निघालेल्या आवृत्त्यांत चोरवाट घालून दिली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला म्हणून मार्च २०२४ मध्ये ते उघडकीस आले. थकलेल्या माणसाने ओझे उतरवून ठेवताना ते कोणाच्या खांद्यावर जाते आहे हे पाहण्याइतके बळ त्याच्याकडे उरलेले असतेच असे नाही, आणि त्याला एकट्याला तिथवर येऊ देणारे आपण सगळे होतो. शिवाय माझ्या बाबतीत पुढे नेणार कोण आणि का? जो प्रोग्राम चारच ग्रंथालयांत असल्याचे मला माहीत होते, तो कोणा होतकरू मुलाच्या गळ्यात बांधणे मला योग्य वाटेना.

बंद करण्याच्या बाजूने मी आता इतके बोलते आहे, तेव्हा ज्या ठिकाणी हा विचार थांबतो तेही सांगितले पाहिजे. सेकंड साइट या कंपनीने आर्गस २ नावाचे एक उपकरण तयार केले होते. डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रियेने बसवलेला विद्युत्पट, चष्म्यावरचा कॅमेरा आणि कमरेला लावायचा प्रक्रियक अशा जोडणीतून अंध माणसाला उजेड, कडा, हालचाल एवढे जाणवू शके. युरोपात २०११ साली आणि अमेरिकेत २०१३ साली त्याला मान्यता मिळाली. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले आणि पुढच्या वर्षी ती बुडण्याच्या बेतात आली. जगातल्या साडेतीनशेच्या आसपास माणसांच्या डोळ्यांत तो पट बसलेला होता. एखाद्याच्या चष्म्याची वायर बिघडली तर दुरुस्त करणारे कोणी उरले नाही. तिथे "पर्यायाकडे वळा" या वाक्याला काही अर्थ नाही. जे माणसाच्या शरीरात घालायचे त्याच्या अखेरीची व्यवस्था ते घालण्याआधी झालेली असली पाहिजे, तिचा पैसा वेगळा काढून ठेवलेला असला पाहिजे, आणि कंपनी बुडाली तरी दुरुस्तीचे नकाशे व कोड कोणाकडे तरी जातील अशी लेखी तरतूद असली पाहिजे. हे मागणे मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

माझा प्रोग्राम तेवढा जीवघेणा नव्हता. तरीही फेब्रुवारीत मी चारही ग्रंथालयांना पत्रे लिहिली, टपालाने, कारण जिथे तो संगणक आहे तिथे माझे पत्र कागदावरच जाऊन पोहोचेल असे वाटले. या प्रोग्रामची दुरुस्ती आता होऊ शकत नाही, १ जानेवारी २०३० ला तो नक्की अडेल, आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर तो वापरू नये, असे स्पष्ट लिहिले. खाली क्षमा मागितली. मग दोन महिने खपून आतली सगळी माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढणारे एक साधन लिहिले. ॲक्सेसची फाइल वाचणे अवघड नव्हते; अवघड होती ती अक्षरे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धती हाताशी येण्याआधीच्या फॉन्टमध्ये साठवलेली नावे तो फॉन्ट काढला की निरर्थक खुणांची रांग होतात, आणि प्रत्येक खुणेमागचे अक्षर, तिची मागे-पुढे सरकणारी वेलांटी, अर्धा र, हे सगळे एकेक करून जुळवावे लागते.

बाईंच्या ग्रंथालयाने कोहा निवडले. ग्रंथालयांसाठीच्या या खुल्या प्रणालीचा जन्मच अशा एका निवृत्तीतून झाला आहे: न्यूझीलंडमधील हॉरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखा सांभाळू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये तिथे कोहा लिहून घेतले गेले आणि जानेवारी २००० मध्ये ते सुरू झाले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

माहिती हलवताना 'शेरा' या रकान्यापाशी आम्ही अडलो. मी तो ठेवला होता पुस्तक फाटले, पान गेले अशा नोंदींसाठी, आणि त्यात फक्त पन्नास अक्षरे मावत. बाईंनी वीस-बावीस वर्षांत त्या पन्नास अक्षरांत आपली एक भाषा तयार केली होती. सभासदांच्या नावांपुढे 'मोटा', 'शेनि', 'दोन', 'नस्म' असे शब्द शेकडो ठिकाणी होते. एके दुपारी मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्या सांगत गेल्या. मोटा म्हणजे मोठ्या टाइपातले पुस्तक द्यायचे, नजर अधू आहे. शेनि म्हणजे शेजाऱ्यांकडे निरोप ठेवायचा, घरी फोन नाही. दोन म्हणजे नियम एका पुस्तकाचा असला तरी या सभासदाला दोन द्यायची, लांबून येतात. मी लिहून घेत होते. नस्मपाशी त्या जरा थांबल्या.

"स्मरणपत्र पाठवायचं नाही," त्या म्हणाल्या. "या घरांतली माणसं गेली, तेव्हा आपलं पुस्तक त्यांच्याकडे होतं. काहींच्या तर उशाशी होतं. मागायचं नाही असं मी ठरवलं. समितीला सांगितलंय."

अशा अकरा नोंदी होत्या. माझ्या प्रोग्राममध्ये स्मरणपत्रे बाई हाताने काढत, म्हणून त्या अकरा घरांना ती कधी गेली नाहीत. कोहामध्ये मुदत उलटलेल्या पुस्तकांची पत्रे आपोआप तयार होतात. त्या दुपारी मी नस्मचा अर्थ विचारला नसता, किंवा बाई निवृत्त झाल्यानंतर हे काम हाती घेतले असते, तर नव्या प्रणालीने पहिल्याच रात्री अकरा मृत माणसांच्या नावे पुस्तक परत करण्याची मागणी केली असती. जुने सॉफ्टवेअर हलवताना काय हरवू शकते याची मी पुष्कळ वर्णने वाचली होती. ते इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिले. आम्ही त्या अकरा जणांसाठी स्मरणपत्र न जाणारा एक वेगळा सभासद प्रवर्ग केला. बाकीचे शब्द देवघेवीच्या वेळी समोर दिसतील अशा टिपांमध्ये पूर्ण वाक्यांत लिहिले.

बाईंना नवी प्रणाली आवडली असे मी म्हणणार नाही. माझ्या प्रोग्राममध्ये एफ-२ दाबून देणे आणि एफ-४ दाबून घेणे त्या पडद्याकडे न पाहता करत. सभासदाशी बोलत बोलत त्यांची बोटे ते करून मोकळी होत. नव्यात त्यांना पडद्याकडे पाहावे लागे आणि बोलणे तुटे. जवळजवळ नऊ हजार पुस्तकांना बारकोडच्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या, त्या परत येईल तसे एकेक पुस्तक करून अजून लागत आहेत. हे कष्ट माझ्या दोन अंकांमुळे आणि माझ्या गप्प राहण्यामुळे त्यांच्या वाट्याला आले, माझ्या वाट्याला नाही. ३० सप्टेंबरला संध्याकाळी त्यांनी शेवटची देवघेव जुन्या संगणकावर केली, फाइलच्या दोन प्रती काढल्या, एक कपाटात ठेवली आणि एक मला दिली.

उरलेल्या तीन ग्रंथालयांपैकी एकाने पत्राला उत्तर देऊन माझे साधन मागवून घेतले. दुसऱ्याने कळवले की त्यांनी २०१६ सालीच दुसरे सॉफ्टवेअर घेतले आहे, जुना संगणक फक्त पूर्वीची येणी पाहण्यासाठी ठेवला आहे. तिसऱ्याकडून काही आले नाही. मी पुन्हा पत्र पाठवले. पोच सही होऊन परत आली, सही वाचता येत नाही. त्यांच्या जुन्या क्रमांकावर फोन केला तर तो आता दुसऱ्या कोणाचा आहे. तिथे प्रोग्राम बंद झाला आहे, की तिथेही कोणी एकोणतीस टाकून पुढे चालले आहे, हे मला कळलेले नाही. येत्या महिन्यात मी तिथे स्वतः जाणार आहे. साधन आणि शेऱ्याचा रकाना तपासण्याची कागदावरची यादी मी पिशवीत भरून ठेवली आहे.